न घाबरणाऱ्या चिमण्या

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या चिमण्या माणसांना घाबरेनाशा झाल्या आणि आम्हांला त्याचं कोण कौतुक वाटलं! पाववाल्याच्या बायकोने एका सकाळी हाका मारमारून शेजारपाजार गोळा केला आणि बेकरीच्या पायरीवर बसलेल्या चिमणीच्या पाठीवरून चक्क बोट फिरवून दाखवलं. चिमणी जागची हलली नाही. पिसं फुलवून, लोकरीच्या गुंड्यासारखी गोल होऊन, डोळे अर्धवट मिटून बसून राहिली.

"बघा, कशी लाडात आलीय," पाववाली म्हणाली. तिच्या धाकट्या मुलीने ती चिमणी ओंजळीत उचलली आणि गालाला लावली. सगळे हसले.

समोरच्या दुकानात वेतमावशी खुर्ची विणत बसली होती. तिचा हात थांबला. खरं तर सगळ्यांत जास्त आनंद तिला व्हायला हवा होता, कारण गल्लीत चिमण्या परत आल्या त्या तिच्यामुळे. पण त्या मिटत चाललेल्या डोळ्यांवरून तिची नजर हलेना.

"काय बघतेस गं?" आतून नणंदेने विचारलं.

"काही नाही वन्सं," मावशी म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली. पुढचा सगळा फेर चुकला. तो उसवून पुन्हा घालावा लागला.

मी त्यांच्या दुकानावरच्या माडीत भाड्याने राहायचे, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं वन्संच्या तोंडून ऐकलं. वन्संच्या तोंडून ऐकायला फार खटपट करावी लागत नसे.

मावशीचा धंदा वेताच्या खुर्च्यांचा. फाटलेल्या बैठका उसवायच्या, नवा वेत भरायचा, डुगडुगणारे पाय घट्ट करायचे. दुकान मुळात नवऱ्याचं. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता शटर ओढून माहेरी जाणार. ती दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्याच्या स्टुलावर बसली आणि उठलीच नाही. थोरली नणंद, जिने लग्नच केलं नव्हतं, ती घर सांभाळायची आणि जिभेला धार लावायची. नव्या आलेल्या मुलांना 'वेतमावशी' हे नाव ऐकून धडकी भरायची. त्यांना वाटायचं, ही बाई छडी घेऊन बसते. गल्लीतल्या आयाही त्याचा फायदा उठवायच्या. "जेवतोस का बोलावू वेतमावशीला?" असा दम दिला की कसलंही पोर मुकाट्याने जेवायचं. प्रत्यक्षात मावशीने उभ्या जन्मात कुणाला चापट मारली नसेल.

वेत कोरडा असला की तुटतो, म्हणून तो आधी भिजवावा लागतो. त्यासाठी दुकानाबाहेर फूटपाथवर एक मोठा पत्र्याचा टब कायम भरलेला असायचा. रस्ता रुंद करताना गल्लीतली झाडं गेली होती, जुन्या भिंतींतली भोकं सिमेंटने लिंपली गेली होती आणि त्यानंतर कित्येक वर्षं कावळ्यांखेरीज दुसरं पाखरू कुणी पाहिलं नव्हतं. एका कडक उन्हाळ्यात त्या टबाच्या काठावर एक चिमणी येऊन बसली. वाकून पाणी प्यायली, इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेली. मावशी दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिने टबाशेजारी एक पसरट मातीचं भांडं ठेवलं, चिमण्या बुडू नयेत म्हणून मधोमध दगड ठेवला. मग मूठभर बाजरी. मग मोडक्या खुर्चीच्या फळ्या ठोकून केलेली दोन घरटी.

आणि मावशीचं खूळ बघता बघता गल्लीला लागलं. हरएक दाराशी वाडगा आला. डबे कापून, तारेला टांगून दाण्याचे झुले झाले. पाववाल्याने तर कळसच केला. गल्लीच्या मधोमध खांब रोवून त्यावर बेकरीतला भलामोठा जुना ट्रे बसवला आणि उरलेल्या पावांचा चुरा, दाणे, जे असेल ते त्यात ओतायला लागला. सुट्टीच्या दिवशी लांबच्या वस्तीतली माणसं पोरांना घेऊन चिमण्या बघायला यायची. आमची छाती उगाचच फुगायची. मावशी कुणी स्तुती केली की लाजून म्हणायची, "मी काय केलं? टब भरून ठेवला." पण तिच्या चालण्यात फरक पडला होता, हे वन्संनीच मला हसत सांगितलं होतं.

गल्लीत विरोधात एकच माणूस. घड्याळजी. बेकरीच्या शेजारी त्यांचं अरुंद दुकान, पुढे आख्खी काच, काचेमागे टेबल, टेबलावर दिवा, आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेले ते. त्यांच्या पायरीवर चिमण्यांच्या विष्ठेचा सडा पडायचा, उडालेली पिसं घड्याळाच्या चाकांत शिरायची. तसे ते मुळातच तिरसट. लग्नाला बोलावलं तरी चूक काढून परतणारे. एकदा मावशीच्या दुकानाशी थांबून म्हणाले, "बाई, पाहुण्यांना जेवायला घालता ते ठीक. पण ताटं कोण घासतं?"

मावशीला ते झोंबलं. "तुम्हांला नाही ना घासायला लावली?"

"मलाच लावलीत. पायरी बघा माझी." आणि मग, आवाज चढवून, पाववाल्यालाही ऐकू जाईल असे म्हणाले, "एक दिवस या सगळ्याचा मी कायमचा बंदोबस्त करतो की नाही बघा!"

तेव्हा सगळे हसले. त्या वाक्याचं पुढे काय होणार आहे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तर चिमण्या घाबरेनाशा झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाववाल्याच्या ट्रेखाली एक मेलेली सापडली. त्याने झाडूने बाजूला सारली. मग गटाराच्या जाळीवर एक. मग शाळेच्या रिक्षाच्या सीटखाली. मावशीच्या टबात एक सकाळी तरंगत होती, भिजवलेल्या वेताला अडकून. सकाळचा कलकलाट पातळ होत चालला. आधी तो कमी झालाय असं वाटायचं, मग कान देऊन ऐकावा लागायचा. जिवंत होत्या त्या तारेवर बसायच्या ऐवजी जमिनीवर बसायच्या, भिंतीला टेकून, दाण्यांच्या शेजारीच, पण दाणे न टिपता.

"अशक्त झाल्यात बिचाऱ्या," लोक म्हणाले. "दाणे वाढवा."

मावशीनेही वाढवले. रोज दुप्पट टाकायला लागली. कालचे ओले, फुगलेले दाणे तळाशी तसेच असायचे, त्यांच्यावर नवे पडायचे. तिला वाटायचं, आपण वाचवतोय.

मग पाववाल्याचं मांजर आजारी पडलं. ते दिवसभर पोत्यांमागे कण्हत होतं आणि संध्याकाळी गेलं. आणि त्याच आठवड्यात पाववाल्याच्या धाकट्या मुलीला ताप भरला, जुलाब सुरू झाले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून औषध आणलं, पण उतार पडेना. पाववाली दुकानात येईनाशी झाली. बेकरीचं शटर अर्धंच उघडं राहायला लागलं.

गल्लीचा स्वभाव बदलला तो तिथून. दारात उभं राहून बोलणारी माणसं आता दारं ओढून कुजबुजायला लागली. पाखरं मेली, मांजर मेलं, पोर अंथरुणाला खिळलं. पुढे काय? कुणीतरी 'विष' हा शब्द काढला. तो शब्द इतका सोयीचा होता की एकदा निघाल्यावर कुणी दुसरा शोधलाच नाही. आणि विष म्हटलं की घालणारा हात लागतो.

"घड्याळजी सकाळी पायरीवर पांढरी भुकटी टाकतात," एकजण बेकरीत म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मावशी तिथे पाव घ्यायला आली होती. पाववाल्याचे डोळे जागरणाने तांबारले होते. त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुमच्यासमोर काय म्हणाले होते ते? बंदोबस्त करतो, असंच ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या चिमण्या मेल्या होत्या. तिच्या मनात राग होता आणि तो कुठेतरी ठेवायला जागा हवी होती.

"म्हणाले होते खरे," मावशी म्हणाली. "माणूस तसाच आहे. त्याच्या हातून होऊ शकतं."

एवढंच. पाव घेऊन ती घरी आली. वन्संना तिने हे सांगितलं तेव्हा वन्सं भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

"वहिनी, हे तू बोललीस?"

"खोटं काय आहे त्यात?"

"खरं-खोटं राहू दे. तुझ्या तोंडून निघालंय, म्हणजे आता ते गल्लीभर फिरणार. पाववाल्याचं पोर आजारी आहे. त्याचं डोकं ठिकाणावर आहे का? जा, आणि सांग त्याला, मला नक्की माहीत नाही म्हणून."

"उद्या पुरावाच आणते ना," मावशी म्हणाली. "मग बघू काय म्हणतात ते."

सकाळी तिने टबाजवळ मेलेली चिमणी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली, वरून कापड गुंडाळलं आणि बसने जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे कुत्र्यांची, मांजरांची, एका लंगड्या बकरीची रांग होती. मावशीच्या डब्यात काय आहे हे कळल्यावर शेजारचा कुत्रेवाला जरा सरकून बसला. तिचा नंबर यायला दुपार झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी हातमोजे घातले, डबा उघडला आणि चिमणी उलटी-सुलटी करून पाहिली.

"विष घातलंय कुणीतरी," मावशी म्हणाली. "मला तसं लिहून द्या."

"खायला कुठे घालता?" त्यांनी विचारलं.

मावशीने अभिमानाने सगळं सांगितलं. वाडगे, झुले, मधला मोठा ट्रे, लांबून येणारी माणसं.

"सगळ्या पाखरांना एकाच ट्रेत? आणि तो धुतं कोण?"

हा प्रश्न मावशीने आधी ऐकला होता, आणि तेव्हा विचारणाऱ्याला तिने उडवून लावलं होतं.

"आजारी पाखरं जवळ जाऊ देतात? हात लावू देतात?"

"हो, अगदी! इतकी माणसाळलीत की मुलं उचलून घेतात."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं. "मावशी, रानचं पाखरू असं एकाएकी माणसाळत नाही. त्याच्या अंगात उडायचं बळ उरलेलं नसतं, म्हणून ते बसून राहतं. त्याला तुमची भीती वाटतच असते. फक्त पळता येत नाही."

मावशीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पक्कं सांगायला तपासणी करावी लागेल," त्या पुढे म्हणाल्या, "पण जे तुम्ही सांगताय त्यावरून मला हा रोग वाटतो. विष्ठेतून पसरतो. आजारी पाखरू ट्रेत बसतं, तिथेच घाण करतं, त्याच दाण्यांत बाकीची चोच घालतात. एरवी ती विखुरलेली असती, एखाददुसरं मेलं असतं. तुम्ही सगळ्यांना एका ताटात आणलंत. मांजरांनाही होतो, आजारी चिमणी खाल्ली की. आणि..." त्या थांबल्या. "चिमण्या हाताळणाऱ्या मुलांपैकी कुणी आजारी आहे का?"

"पाववाल्याची धाकटी मुलगी," मावशी म्हणाली.

"त्या मुलीला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगा. चिमण्यांचं तिथे आवर्जून सांगा, म्हणजे त्यांना औषध कोणतं द्यायचं ते कळेल. आणि आजच सगळे वाडगे, झुले, ट्रे काढा. एकही ठेवू नका."

परतीच्या बसमध्ये मावशी उभीच राहिली. बसायला जागा होती. शेजारच्या बाईने हात करून दाखवली, तरी ती दांडीला धरून उभी. वन्संना तिने नंतर सांगितलं, की तिला दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे ती पोर, चिमणी गालाला लावून हसणारी. आणि दुसरी, बेकरीत तिच्याकडे वळलेली सगळी तोंडं. बस प्रत्येक सिग्नलला अडत होती आणि दिवस उतरत होता.

गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हाच तिला गलका ऐकू आला.

दुपारी पाववाल्याच्या मुलीला झटका आला होता. तापात तिचे डोळे फिरले होते. पाववाली तिला घेऊन रिक्षाने मोठ्या दवाखान्याकडे गेली होती आणि पाववाला मागे राहून, गल्लीच्या मधोमध उभा राहून घड्याळजींच्या नावाने ओरडत होता. त्याच्याभोवती माणसं जमली. त्यांतली निम्मी त्याला आवरायला आली होती, पण थोड्या वेळाने कोण आवरतंय आणि कोण ओरडतंय हे कळेनासं झालं. मी माडीच्या खिडकीतून बघत होते. घड्याळजी दुकानात होते. त्यांनी आतून दार लावून घेतलं होतं आणि काचेमागे उभे होते. भिंग कपाळावर ढकललेलं, ओठ हलत होते. ते काय बोलत होते ते कुणालाही ऐकू येत नव्हतं.

"बाहेर ये!" पाववाला ओरडला. "काय घातलंस सांग!"

मावशी धावत आली. तिचं वय धावायचं नव्हतं. "थांबा!" ती ओरडत होती. "विष नाही! मी विचारून आले! रोग आहे, आपल्या ट्रेतून... विष नाही!" गर्दीने त्यातला एकच शब्द ऐकला. 'विष' एवढाच. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मावशी पण सांगतेय!"

दगड कुणी मारला हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. काच आधी नुसती तडकली, पांढरी झाली, आणि मग वरून खाली कोसळली. घड्याळजींनी तोंड वाचवायला उजवा हात वर धरला होता. मोठा तुकडा मनगटावर बसला.

नंतरची शांतता मला अजून ऐकू येते. क्षणापूर्वी इतकी माणसं होती. ती कशी आणि कुठे गेली ते कळलंच नाही. दारं लागली. गल्लीत तीन माणसं उरली: काचेच्या ढिगात बसलेले घड्याळजी, त्यांचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरणारी मावशी, आणि खांबाला टेकून जमिनीवर बसलेला पाववाला. मी आणि वन्सं खाली पोचलो तेव्हा मावशीने कामाच्या वेळी कमरेला बांधायचं जाडं फडकं सोडून त्यांच्या हाताला आवळलं होतं.

"पांढरी भुकटी," घड्याळजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जंतुनाशक होती हो. पायरी धुवायची. नुसती पायरी धुवायची."

"बोलू नका," मावशी म्हणाली. "हात वर धरा."

मुलगी वाचली. मावशीने त्याच संध्याकाळी वन्संना रिक्षाने मोठ्या दवाखान्यात पिटाळलं होतं, चिमण्यांचं सांगायला. तिथल्या डॉक्टरांनी औषध बदललं आणि पुढच्या आठवड्यात पोर उठून बसलं. घड्याळजींची जखम भरली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. अंगठा आणि पहिलं बोट जवळ येईना. ज्या हाताने ते घड्याळातली केसाएवढी कमान उचलायचे, त्या हातात आता चमचाही नीट राहत नव्हता.

पोलीस आले, चौकशी करून गेले. कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मावशी मात्र स्वतःहून त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "संशय मी घेतला होता. बेकरीत, सगळ्यांसमोर." त्यांनी ते ऐकून घेतलं. दगड तिने मारला नव्हता, त्यामुळे पुढे काही झालं नाही. ती म्हणायची, झालं असतं तर बरं झालं असतं.

काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगत दारोदार वाडगे काढायला निघाली. तेव्हा लोकांना दोन गोष्टी पचत नव्हत्या. घड्याळजींनी विष घातलं नाही, हे एक. आणि आपणच घातलं, हे दुसरं.

"आता उपाशी मारणार का त्यांना?" एक बाई अंगावर आली. "तुम्हीच लावलं ना हे वेड?"

"मीच लावलं," मावशी म्हणाली. "वाडगा द्या."

काहींनी दिले नाहीत. काहींनी ती गेल्यावर पुन्हा बाहेर ठेवले. मधला ट्रे तसाच होता आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दोन दिवसांनी पाववाली दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली. तिथल्या डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं, ते मावशीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्यापेक्षा वेगळं नव्हतं. ती कुणाशी बोलली नाही. आतून हातोडा आणला आणि भर गल्लीत तो खांब ठोकून, हलवून हलवून उपटला. ट्रे दगडावर आपटला. मग बसली आणि मोठ्याने रडली. त्या दुपारी उरलेले सगळे वाडगे आपणहून मावशीच्या दुकानाशी येऊन पडले.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. पाखरं यायची आणि जिथे ट्रे असायचा त्या मोकळ्या जागेभोवती तारेवर बसून राहायची. खाली बघत. आमच्यापैकी कुणी वर बघायचं नाही. काही अजूनही मरत होती. मावशी हातमोजे घालून ती उचलायची, पिशवीत बांधायची, पायऱ्या आणि कठडे औषधाच्या पाण्याने घासायची. वासाने तिचे डोळे सुजायचे. दुकानाचं काम मागे पडलं, खुर्च्या तशाच उघड्या बैठकांनी भिंतीला उभ्या. मग एक दिवस गल्लीत काहीच मेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण कलकलाटही नव्हता. सकाळ झाली हे फक्त उजेडावरून कळायचं.

पुढे डॉक्टरीणबाई स्वतः येऊन गल्ली बघून गेल्या. मावशीच्याच दुकानात, मोडक्या खुर्च्यांवर बसून, लोकांनी खाली मान घालून त्यांचं ऐकलं. "पाखरांना तुमच्या दाण्यांची तितकी गरज नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना झुडपं हवीत, किडे हवेत, भिंतीत भोकं हवीत. पाणी ठेवा, पण रोज घासलेल्या भांड्यात आणि रोज ताजं. दाणे टाकायचेच तर चिमूटभर, दरवेळी वेगळ्या जागी, संध्याकाळी झाडून घ्यायचे. आणि फुगून बसलेलं पाखरू दिसलं तर त्याला हात लावू नका, मला कळवा."

गाड्या लावायची एक कड लोकांनी सोडली आणि तिथे काटेरी झुडपं लावली. डागडुजी करताना गवंड्याला सांगून वरची भोकं मोकळी ठेवली. यातलं कुणाला फारसं दाखवता येण्यासारखं नव्हतं आणि सुट्टीच्या दिवशी बघायला कुणी आलं नाही. मावशी रोज सकाळी बादली आणि ब्रश घेऊन घरोघरची पाण्याची भांडी तपासत हिंडायची. तळाला बोट फिरवायची. बुळबुळीत लागलं की दार वाजवायची. लोक वैतागायचे, पण घासायचे.

वर्ष-दीड वर्षाने झुडपांत चिमण्या दिसायला लागल्या. थोड्या. चाहूल लागली की भुर्रकन उडतात.

घड्याळजी तोपर्यंत गल्लीत नव्हते. हात बरा होणार नाही हे कळल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि दुसऱ्या गावी लेकीकडे गेले. निघताना कुणाचा निरोप घेतला नाही. मावशी त्या सकाळी दारात उभी होती. ते तिच्यासमोरून गेले, मान न वळवता.

ती त्यांना भेटायला जाईन जाईन म्हणत राहिली आणि जाईना. शेवटी वन्संनीच एका सकाळी तिची पिशवी भरून दारात ठेवली. "जा एकदाची. नाहीतर इथे रोज मला मरावं लागतंय."

मावशी बसने गेली. लेकीने दार उघडलं, नाव ऐकलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली. घड्याळजी खिडकीजवळ बसले होते. बरेच खंगले होते. त्यांनी मावशीला ओळखलं, बसायला सांगितलं नाही. ती बसली.

"मी बोलले ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं आणि मी बोलले."

त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "पाववाल्याची मुलगी?"

"बरी आहे. शाळेत जाते."

"तो नाही आला?"

"नाही."

"येणार नाही तो." लेकीने चहा आणून ठेवला. त्यांनी डाव्या हाताने कप उचलला. तो थोडा हिंदकळला, बशीत सांडला. मावशीचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांच्या नजरेने जागीच थांबला. "तुम्ही आलात," ते म्हणाले. "ते ठीक केलंत. आता पुन्हा येऊ नका."

"बरं," मावशी म्हणाली.

तिने चहा संपवला, कारण अर्धा टाकून उठणं तिला जमेना. मग कप आत नेऊन मोरीत ठेवला, लेकीला येते म्हणाली, आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.